अमेरिकी सोल कलाकारांचे पहिले परदेश दौरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोल म्हणजे काळ्या अमेरिकी कलाकारांनी चर्चमधली भक्तिगीतं आणि रिदम अँड ब्लूज यांतून घडवलेलं संगीत. गायक रे चार्ल्सच्या १९६१ च्या युरोप दौऱ्यापासून १९७४ च्या आफ्रिकेतल्या किन्शासा महोत्सवापर्यंतच्या काळाबद्दल जे प्रश्न सारखे येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कुठल्याही दौऱ्याबद्दल वाचताना आधी एकच गोष्ट शोधा: साथीला बँड कोणाचा होता? कार्यक्रम रंगला की फसला, ध्वनिमुद्रण ऐकण्याजोगं झालं की नाही, पैसे सुटले की बुडाले, यातलं बरंचसं त्या एका उत्तरावरून कळतं.

पहिला दौरा कोणता मानायचा?

‘सोल’ हा शब्द रूढ होण्याआधीपासून हे संगीत प्रवासाला निघालं होतं, त्यामुळे तारखेवर वाद होतात. आमच्या मते सुरुवात रे चार्ल्सपासून धरावी. जुलै १९६१ मध्ये तो फ्रान्समधल्या आंतिबच्या जाझ महोत्सवात छोटा बँड आणि रेलेट्स या गायिकांना घेऊन आला. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या पाले द स्पोर या क्रीडागृहात आला तेव्हा सोबत मोठा वाद्यवृंद होता. दोन्ही वेळा वादक त्याचेच, म्हणून दोन्हीकडची ध्वनिमुद्रणं आजही ताजी वाटतात.

त्या ऑक्टोबरची एक गोष्ट सांगायलाच हवी. १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री पॅरिसमध्ये संचारबंदीच्या विरोधात निघालेल्या अल्जेरियन मोर्चावर पोलिसांनी अमानुष हल्ला केला, हजारो लोकांना पकडलं आणि त्यांतल्या अनेकांना याच पाले द स्पोरमध्ये डांबलं. २० तारखेला चार्ल्सचा कार्यक्रम होता, म्हणून कैद्यांना तिथून दुसरीकडे हलवलं गेलं. ते ध्वनिमुद्रण ऐकताना ही जागा तीन दिवस आधी काय होती हे माहीत असावं.

ब्रिटनमध्ये बरेच गायक एकटेच का यायचे? आपला बँड का आणत नसत?

कारण संघटनांचे नियम. अमेरिकेतल्या वादकांची संघटना ब्रिटिश बँडना तिकडे वाजवू देत नव्हती. त्याला उत्तर म्हणून ब्रिटनच्या कामगार मंत्रालयाने १९३५ पासून अमेरिकी बँडना परवाने देणं जवळजवळ बंद केलं. १९५६ मध्ये अदलाबदलीवर तोडगा निघाला: स्टॅन केंटनचा वाद्यवृंद ब्रिटनमध्ये, टेड हीथचा अमेरिकेत. पुढे हेच सूत्र राहिलं, माणसाला माणूस. सात अमेरिकी वादक ब्रिटनमध्ये वाजवणार असतील, तर तेवढंच काम ब्रिटिश वादकांना अमेरिकेत मिळायला हवं.

गायक मात्र या नियमात बसत नसत. ते ‘व्हरायटी’ कलावंत धरले जात आणि त्यांची संघटना वेगळी होती. त्यामुळे आयोजकाला सगळ्यात सोपं आणि स्वस्त काय, तर गायक एकटा बोलवायचा आणि मागे ब्रिटनमधलाच बँड उभा करायचा. कामाचा परवानाही कलाकाराला नव्हे, बोलावणाऱ्या मालकाला मिळायचा. मालक बदलला की परवाना नव्याने काढावा लागे, म्हणून आयोजकाने मधेच हात वर केले तर कलाकाराला तिथल्या तिथे दुसऱ्याकडे काम धरता येत नसे.

मग तिथल्या बँडबरोबर तालीम कशी व्हायची?

बहुधा एकच दिवस, कधी एकच दुपार. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गोव्याचे वादक समोर स्टाफ नोटेशन ठेवून पहिल्याच वाचनात वाजवत, तशा तयारीचे लोक असतील तर दुपार पुरत असे. पण ब्रिटनमधले अनेक तरुण बँड नोटेशन वाचणारे नव्हते. ते रेकॉर्ड ऐकून गाणं बसवत, आणि घोळ तिथेच होई.

पहिला घोळ पट्टीचा. रेकॉर्डप्लेअर किंचित जलद फिरत असेल तर गाणं चढ्या पट्टीत बसतं. शिवाय गिटारवाल्यांना पांढरी तीन किंवा पांढरी सहा सोयीची, तर ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांना काळी दोन आणि काळी पाच. गायक आला की त्याची तिसरीच पट्टी निघायची.

दुसरा घोळ शेवटाचा. सोलच्या बहुतेक रेकॉर्डना शेवट नसतोच, आवाज हळूहळू बारीक होत गाणं विरतं. रंगमंचावर असं विरता येत नाही. म्हणून तालमीत आधी शेवट बसवायचा: शेवटची ओळ किती वेळा घोळवायची, गायकाचा हात खाली आला की सगळ्यांनी कुठल्या मात्रेवर थांबायचं. हे ठरलं नसेल तर ड्रमर थांबतो, ऑर्गनवाला पुढे जातो आणि गायक मधे लटकतो.

तिसरा घोळ कागदांचा. गायकाने सोबत नोटेशन आणलं असलं, तरी ते त्याच्या बँडच्या वाद्यांसाठी लिहिलेलं. आल्टो सॅक्सोफोनचा कागद टेनरवाल्यापुढे ठेवला तर जिथे सा अपेक्षित आहे तिथे प वाजतो, कारण दोन्ही वाद्यांचे लिखित सूर वेगवेगळ्या पट्ट्यांना बांधलेले असतात. म्हणून तालमीला बसण्याआधी प्रत्येक कागदावर वाद्याचं नाव तपासणं हे पहिलं काम.

सगळेच बँड कच्चे होते असं मात्र नाही. मेजर लान्स आणि पॅटी लाबेल व ब्लूबेल्स यांना साथ देणाऱ्या ब्लूजॉलजी या बँडमध्ये रेज ड्वाइट नावाचा मुलगा कीबोर्ड वाजवायचा. पुढे तो एल्टन जॉन झाला. अशा साथीतूनच ब्रिटनमधली एक अख्खी पिढी सोल शिकली.

सॅम कुक आणि लिटल रिचर्ड यांच्या १९६२ च्या दौऱ्याला एवढं महत्त्व का?

८ ऑक्टोबर १९६२ ला डॉनकास्टरमध्ये हा दौरा सुरू झाला. आयोजक डॉन आर्डन. लिटल रिचर्ड तेव्हा रॉक अँड रोल सोडून भक्तिगीतांकडे वळला होता, सोबत ऑर्गनवर १६ वर्षांचा बिली प्रेस्टन. प्रवासात उशीर झाल्याने कुक पहिल्या खेळाला पोचलाच नाही. रिचर्डने भक्तिगीतं गायली आणि प्रेक्षक थंड बसले. दुसऱ्या खेळात कुक आला, आणि रिचर्डने आपली जुनी गाणी बाहेर काढली. पुढे संपूर्ण दौराभर तो प्रेक्षकांना अक्षरशः पेटवत राहिला.

कुकचा तोवरचा रंगमंचावरचा बाणा गुळगुळीत, नाइटक्लबला शोभणारा. रोज रात्री रिचर्डच्या जोडीने उभं राहिल्यावर त्याने आपला कार्यक्रम बदलला. त्याचा परिणाम ऐकायचा तर १२ जानेवारी १९६३ ला मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये झालेलं ध्वनिमुद्रण ऐका. कंपनीने ते १९८५ पर्यंत बाहेर काढलं नाही. आमच्या मते परदेश दौऱ्याने एखाद्या सोल गायकाला घडवल्याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

मोटाउनचा १९६५ चा ब्रिटन दौरा रिकाम्या खुर्च्यांपुढे का झाला?

डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांची यादी बघितली तर विश्वास बसत नाही: सुप्रीम्स, मार्था आणि व्हँडेलाज, मिरॅकल्स, स्टीव्ही वंडर, आणि साथीला अर्ल व्हॅन डाइकचा डेट्रॉइटहून आलेला बँड. २० मार्चला लंडनच्या फिन्सबरी पार्क अस्टोरियात सुरुवात, १२ एप्रिलला पोर्टस्मथमध्ये शेवट. २४ दिवसांत २१ मुक्काम, रोज दोन खेळ. लंडनमध्ये गर्दी झाली. ब्रिस्टल, कार्डिफ, ग्लासगो अशा दौऱ्यातल्या अनेक ठिकाणी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.

कारणं सरळ होती. सुप्रीम्स सोडल्या तर बाकीच्यांची गाणी ब्रिटनच्या विक्रीयादीत फारशी वर गेलेली नव्हती. मोटाउनच्या रेकॉर्ड तोवर लंडन अमेरिकन, फॉन्टाना, ओरिओल, स्टेटसाइड अशा वेगवेगळ्या लेबलांवर निघत होत्या, त्यामुळे ‘मोटाउन’ हे नाव सामान्य श्रोत्याच्या कानावर बसलेलंच नव्हतं. टॅमला मोटाउन हे स्वतंत्र ब्रिटिश लेबल ईएमआयने सुरू केलं तेच मार्च १९६५ मध्ये, म्हणजे दौऱ्याच्या तोंडावर. बीबीसीवर रेकॉर्ड वाजवण्याच्या वेळेला मर्यादा होती. समुद्रातल्या जहाजांवरून चालणारी रेडिओ केंद्रं सोल वाजवत, पण त्यांचं प्रक्षेपण सगळीकडे सारखं ऐकू येत नसे.

चाहत्यांचा संघ चालवणाऱ्या डेव्ह गॉडिनने घाई होते आहे असं आधीच बजावलं होतं, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. तिकिटं खपावीत म्हणून जॉर्जी फेमला यादीत घेतलं. तो जानेवारीतच विक्रीयादीत पहिला आला होता. त्यानेही फार फरक पडला नाही.

गंमत अशी की दौरा चालू असतानाच, २७ मार्चला, सुप्रीम्सचं ‘स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तिकडे सगळ्या देशात वाजणारा आवाज इकडे अर्ध्या रिकाम्या सभागृहात गात होता.

त्याच गाण्यातली हात पुढे करण्याची खूण या दौऱ्यात जन्मली, हे खरं का?

सांगितलं तसंच जातं. दौऱ्याच्या दोन दिवस आधी, १८ मार्चला, ‘रेडी स्टेडी गो!’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा मोटाउन विशेष भाग मुद्रित झाला. सूत्रसंचालन डस्टी स्प्रिंगफिल्डचं. टेम्प्टेशन्स दौऱ्यात नव्हते, पण या मुद्रणासाठी आले होते. त्यांच्यापैकी मेल्विन फ्रँकलिन आणि पॉल विल्यम्स यांनी मुद्रणाआधी घाईघाईत ही हालचाल सुप्रीम्सना बसवून दिली. हा भाग २८ एप्रिलला दाखवला गेला, तेव्हा दौरा संपून दोन आठवडे उलटले होते. हा भाग आधी दाखवला असता तर तिकिटांचं चित्र वेगळं दिसलं असतं असं आम्हाला ठामपणे वाटतं.

स्टॅक्सचा १९६७ चा दौरा सर्वांत चांगला का मानतात?

कारण मेम्फिसच्या स्टॅक्स या कंपनीच्या रेकॉर्डवर जे वादक होते, तेच रंगमंचावर होते. बुकर टी. जोन्स ऑर्गनवर, स्टीव्ह क्रॉपर गिटारवर, डक डन बासवर, अल जॅक्सन ज्युनिअर ड्रमवर. त्यांच्या जोडीला ट्रम्पेटवर वेन जॅक्सन आणि सॅक्सोफोनवर अँड्र्यू लव्ह आणि जो अर्नोल्ड. सातच माणसं, आणि आर्थर कॉनली, एडी फ्लॉइड, कार्ला थॉमस, सॅम अँड डेव्ह, ओटिस रेडिंग या सगळ्यांना तीच सात माणसं साथ करणार. शेवट कसा करायचा, कुठे श्वास घ्यायचा, हे विचारायची गरजच नाही, कारण ती गाणी त्यांच्याच हातांतून घडलेली.

१७ मार्च १९६७ ला लंडनच्या फिन्सबरी पार्क अस्टोरियात सुरुवात झाली. २१ मार्चला पॅरिसचं ऑलिंपिया सभागृह. मग ब्रिटनमधली शहरं, आणि एप्रिलच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हिया. कार्ला थॉमस आधीच ठरलेल्या कार्यक्रमासाठी मधूनच मायदेशी परतली. ७ एप्रिलला ऑस्लोतला कार्यक्रम नॉर्वेच्या दूरचित्रवाणीने चित्रित केला. आज हा दौरा डोळ्यांनी पाहायचा तर तेच चित्रण पाहावं.

मेम्फिसच्या स्टुडिओत दिवसभर काम करणाऱ्या या वादकांना आपण समुद्रापलीकडे इतके ओळखीचे आहोत याची कल्पना नव्हती. विमानतळावर त्यांना आणायला बीटल्सनी आपल्या गाड्या पाठवल्या होत्या.

क्रम बघण्यासारखा आहे. सॅम अँड डेव्ह घामाने चिंब होऊन, प्रेक्षकांना खुर्च्यांवर उभं करून आत जायचे, आणि त्यानंतर ओटिसने यायचं. रोज रात्री त्याला त्यांच्या वरताण करावी लागे. ‘लाइव्ह इन युरोप’ या त्याच्या रेकॉर्डवर लय स्टुडिओतल्यापेक्षा सरळ चढी आहे. ‘रिस्पेक्ट’चं मूळ ध्वनिमुद्रण आणि हे पाठोपाठ ऐका, म्हणजे पाय किती जलद हलतो ते कळेल. आणखी एक: यादीत ‘सॅटिस्फॅक्शन’ आणि ‘डे ट्रिपर’ आहेत. ब्रिटिश बँडनी अमेरिकी काळ्या संगीतातून उचललेलं त्याने ब्रिटिशांच्याच गावात आपल्या पद्धतीने परत गाऊन दाखवलं.

त्याच वर्षी ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला जगातला सर्वोत्कृष्ट गायक ठरवलं. कित्येक वर्षं ती जागा एल्विस प्रेस्लीची होती. १० डिसेंबर १९६७ ला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ विमान तळ्यात कोसळून ओटिस गेला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

हॅमंड ऑर्गन परदेशात बेसूर का व्हायचा?

बेसूर नव्हे, सगळाच्या सगळा खाली उतरायचा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, युरोपातली ५० हर्ट्झची. हॅमंड या विजेवर चालणाऱ्या ऑर्गनमध्ये सूर निर्माण करणारी दातेरी चाकं एका सिंक्रोनस मोटरवर फिरतात आणि या मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेला बांधलेला असतो. ६० हर्ट्झवर मिनिटाला १२०० फेरे, ५० वर १०००. म्हणजे वेग पाचषष्ठांश, आणि सूर तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त खाली. पांढरी एक दाबली तर खालच्या सप्तकातली पांढरी सहा ऐकू येते, तीही १६ सेंट उतरलेली (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). हे १६ सेंटच घात करतात. नेमके तीन अर्धस्वर असते तर वादकाने पट्टी बदलून वेळ मारून नेली असती.

ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं हा नेहमीचा गैरसमज. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. उपाय दोनच: वारंवारता बदलणारा मोटर-जनरेटर, किंवा ५० हर्ट्झसाठी मुळातच वेगळी मोटर आणि गिअर घालून बनवलेला हॅमंड भाड्याने घेणं. पेडल आणि बाकासकट बी-३ हा हॅमंड सुमारे १९० किलोचा. तो विमानाने नेण्यापेक्षा दुसरा उपाय शहाणपणाचा. लेस्ली स्पीकरच्या फिरत्या भागाचंही तसंच. अमेरिकी मोटरवर त्याचं कंपन युरोपात संथ होतं आणि सोलच्या ऑर्गनची ती थरथर हरवते.

टेपरेकॉर्डरलाही हा फटका बसतो. अमेरिकी यंत्राची सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झवर चालवली तर सेकंदाला १५ इंचाऐवजी साडेबाराच इंच फीत सरकते. तिथे मुद्रित केलेली फीत घरी आणून ६० हर्ट्झवर लावली तर सगळे पळत सुटल्यासारखे ऐकू येतात.

आमच्याकडे त्या काळातला अमेरिकी गिटार ॲम्प्लिफायर आहे. भारतात चालवता येईल का?

येईल. ॲम्प्लिफायरचा सूर विजेच्या वारंवारतेवर अवलंबून नसतो, त्यामुळे हॅमंडची अडचण इथे येत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. यंत्राच्या मागच्या पट्टीवर ११७ व्होल्ट लिहिलेलं असेल तर २३० वरून ११५-१२० वर आणणारा ट्रान्सफॉर्मर हवा. क्षमता यंत्राच्या वापराच्या निदान दीडपट घ्या. मोठ्या दोन-स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला ५०० व्हॉल्ट-अँपिअरचा असला की निश्चिंती. तारेची दोन्ही वेटोळी (कॉइल) वेगळी असलेला ट्रान्सफॉर्मर घ्या, एकाच वेटोळ्याचा स्वस्त नको, आणि तीन पिनांची अर्थिंग घालून घ्या. जुन्या दोन पिनांच्या वायरमुळे मायक्रोफोनला ओठ लागताच झटका बसतो.

फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. तासाभराने हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर थांबा आणि तो तंत्रज्ञाकडून बदलून घ्या.

सभागृहांत आवाज कसा असायचा?

वाईट. बरेच कार्यक्रम ग्रॅनाडा, गॉमाँ, ओडियन या साखळ्यांतल्या चित्रपटगृहांत होत. गायकांसाठी दोन-चार मायक्रोफोन, बाजूला उभे खांबासारखे स्पीकर. वाद्यं थेट आपापल्या ॲम्प्लिफायरवर किंवा नुसतीच. गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर स्पीकर नव्हते. आपला आवाज ऐकू येत नाही म्हणून गायक ताण देतो, आणि रोज दोन खेळ केले की दुसऱ्या आठवड्यात घसा बसतो.

त्यात मार्च-एप्रिलची थंडी. हवा एक अंश थंड झाली की फुंकून वाजवायची वाद्यं साधारण तीन सेंटने उतरतात. हवा दहा अंशांनी गार असेल तर ट्रम्पेट जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर खाली, आणि गिटारच्या तारा मात्र आखडून वर चढलेल्या. म्हणून वाद्यं खेळाआधी रंगमंचामागे गरम जागी ठेवायची, फुंकून ऊब आणायची आणि मगच पियानोशी सूर जुळवायचा. पियानो चित्रपटगृहाचाच असे, आणि त्याला कोणी सूर लावलेला असेलच याची खात्री नसे.

एका दिवसात दोन खेळ कसे बसवत?

पहिला सव्वासहाच्या आसपास, दुसरा पावणेनऊच्या. छोट्या कलाकारांना दोन-तीन गाणी, मुख्य कलाकाराला अर्धा तास. पहिला खेळ लांबला की दुसऱ्याची रांग पावसात उभी. रात्री बसमध्ये बसून पुढचं गाव. क्लबमधले दौरे याहून कठीण: एकाच रात्री दोन किंवा तीन क्लब, आणि मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हीलसारख्या ठिकाणी रात्रभर चालणारे कार्यक्रम.

पैशांचा हिशेब कसा होता?

बिदागी पौंडांत ठरली की डॉलरांत, हे सगळ्यात महत्त्वाचं. नोव्हेंबर १९६७ पर्यंत एक पौंड म्हणजे २.८० डॉलर. १८ नोव्हेंबरला ब्रिटनने अवमूल्यन जाहीर केलं आणि तो २.४० वर आला. १००० पौंडांचा करार असेल तर २८०० ऐवजी २४०० डॉलर हातात, म्हणजे काहीही न करता सातवा हिस्सा गेला. विमानभाडं डॉलरांत आधीच भरलेलं, त्यामुळे सगळा तोटा नफ्यातूनच जाणार. शहाण्या व्यवस्थापकांनी यानंतर डॉलरांतच करार करायला आणि अर्धी रक्कम निघण्याआधी घ्यायला सुरुवात केली.

बनावट गट यायचे हे खरं आहे?

हो, आणि ती प्रेक्षकांची उघड फसवणूक होती. न्यूयॉर्कचा व्हेलूर्स हा गट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये ‘फॅब्युलस टेम्प्टेशन्स’ या नावाने फिरवला गेला. ते चांगले गायक होते. पुढे ब्रिटनमध्येच राहून त्यांनी फँटॅस्टिक्स या नावाने स्वतःची ओळख कमावली. दोष त्यांना नाव चिकटवणाऱ्यांचा.

हे शक्य व्हायचं कारण गटाचं नाव बऱ्याचदा गायकांचं नसून व्यवस्थापकाचं असे. ड्रिफ्टर्सचा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेल याने १९५८ मध्ये सगळा गट काढून टाकून दुसऱ्याच गटाला ते नाव दिलं होतं. जुनी जाहिरात पाहताना ‘फॅब्युलस’, ‘ओरिजिनल’ अशी विशेषणं दिसली तर सावध व्हा. सदस्यांची नावं छापली आहेत का, लेबलचं नाव आहे का, आणि त्याच तारखेला खरा गट अमेरिकेत कुठे गात होता, हे तपासा.

युरोपात वर्णभेद नव्हता का?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्यासारखा कायद्याने बांधलेला नव्हता. पण ‘काळ्यांना खोली नाही’ म्हणणारी घरमालकीण ब्रिटनमध्ये होती. मोटाउनचा दौरा झाला तेव्हा ब्रिटनमध्ये याविरुद्ध कायदाच नव्हता. तो १९६५ च्या अखेरीस आला, आणि त्यातूनही खासगी खानावळी सुटल्या होत्या.

आफ्रिकेतल्या दौऱ्यांबद्दल काय माहिती आहे?

जेम्स ब्राउन १९६८ मध्ये आबिजानला गेला, त्याच वर्षी जूनमध्ये सैनिकांसाठी व्हिएतनामला, मोजक्याच वादकांसह. १९७० मध्ये तो नायजेरियात आला तेव्हा त्याची गाणी तिथे आधीच पोचलेली होती. सिएरा लिओनच्या जेराल्डो पिनोने ती लागोसमध्ये गाऊन धुमाकूळ घातला होता आणि तिथलाच संगीतकार फेला कुटी त्यातून स्वतःची वाट शोधत होता. ब्राउनच्या बँडमधले लोक, त्यांत बासवादक बूट्सी कॉलिन्सही, फेलाच्या क्लबात ऐकायला गेले. ही देवघेव दोन्ही बाजूंनी होती हे विसरता कामा नये.

६ मार्च १९७१ ला घानाच्या स्वातंत्र्याच्या १४ व्या वर्धापनदिनी अक्राच्या ब्लॅक स्टार चौकात ‘सोल टू सोल’ झाला: विल्सन पिकेट, आइक आणि टीना टर्नर, स्टेपल सिंगर्स, रॉबर्टा फ्लॅक, लेस मॅकॅन आणि एडी हॅरिस, सांताना. दुपारी सुरू झालेला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालला. घानात सगळ्यांत मोठं नाव पिकेटचं होतं, टीना टर्नरचं नव्हे. या कार्यक्रमावरचा चित्रपट पाहताना गर्दीचा आवाज ऐका, लगेच कळतं.

किन्शासाचा महोत्सव २२ ते २४ सप्टेंबर १९७४ ला झाला, ह्यू मासेकेला आणि स्ट्युअर्ट लेव्हिन यांच्या पुढाकाराने. तो अली-फोरमन या मुष्टियुद्धाच्या लढतीला जोडलेला होता, पण सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली आणि लढत ३० ऑक्टोबरवर गेली. संगीत ठरल्या दिवशी झालं. लढतीसाठी येणारे परदेशी प्रेक्षक आलेच नाहीत.

भारतात कोणी आलं का?

अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्या काळात जाझवाले पाठवले: १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक, मुंबईतही, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन. ते दौरे सरकारी खर्चाचे होते. सोलचे दौरे धंद्याचे, आणि रुपया डॉलरांत बदलून बाहेर नेण्यावर कडक निर्बंध असताना कुठल्याही व्यवस्थापकाला ते गणित जमणारं नव्हतं.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

आधी ओटिसचं ‘लाइव्ह इन युरोप’. मग त्याच दौऱ्यातले लंडन आणि पॅरिसचे दोन स्टॅक्स-व्होल्ट खंड, म्हणजे तीच सात माणसं वेगवेगळ्या गायकांमागे कशी बदलतात ते कळेल. त्यानंतर एप्रिल १९६५ मध्ये ऑलिंपियात मुद्रित झालेलं मोटाउनचं पॅरिस ध्वनिमुद्रण.

अरीथा फ्रँकलिनचं ‘अरीथा इन पॅरिस’, ७ मे १९६८, मुद्दाम या क्रमात ऐका. गायिका ऐन भरात, पण मागे रेकॉर्डवरचे स्टुडिओतले वादक नाहीत, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या जागा कानाला लगेच सैल लागतात. शेवटी जेम्स ब्राउनचं ८ मार्च १९७१ चं ऑलिंपिया, जे १९९२ पर्यंत बाहेर आलं नाही. बासवर बूट्सी, गिटारवर त्याचा भाऊ कॅटफिश. हेडफोन लावून पहिली दहा मिनिटं फक्त बास आणि ड्रम ऐका. गायकाकडे लक्ष दुसऱ्या वेळी द्या.